गच्चीवर तंबू

चौदा महिने, दोन टँडेम सायकली,
एकसष्ट पंक्चर (शाल्मलीच्या वहीत तारखेसकट)
आणि निमिषचे तीन दुधाचे दात:
एक बाडमेरच्या वाळूत, एक धुबरीच्या नावेत,
तिसरा काल, कर्वेनगरात, थालीपीठ खाताना.

परत येऊन आठ दिवस झाले.
भाडेकरूंनी फ्लॅट नीट ठेवला होता,
भिंतींना खिळे तेवढे वाढले होते.
मुलं पंख्याकडे बघत रात्री दोनपर्यंत टक्क जागी.
"आई, हे छत हलतच नाही," निमिष म्हणाला,
तक्रार नव्हे, नोंद केल्यासारखा.

नवव्या दिवशी तंबू वर नेला.
सोलरचे पत्रे आणि पाण्याची टाकी यांच्यामधे
बरोब्बर मावला.
खुंट्या ठोकायला माती नाही,
म्हणून चार कोपऱ्यांना चार कुंड्या,
तीन फडणीसबाईंना विचारून घेतलेल्या,
एक न विचारता.

जिन्याच्या दारावर पाटी होतीच:
'गच्ची ही गच्ची आहे, आपली खोली नव्हे.
येथे पापड, गाद्या व पाहुणे पसरू नयेत.'
तंबूचा उल्लेख नव्हता.
सुश्रुतने दोनदा वाचून खात्री केली.

झटकला तेव्हा पडल्या
देवदाराच्या सुया, करड्या मिठाचे दोन खडे,
छपऱ्याकडच्या कुणाच्या तरी लग्नातली अक्षत.
मी केरसुणी घेऊन नुसतीच उभी.

जैसलमेरच्या अलीकडे याला एकशे चार ताप होता,
मी रस्त्याच्या कडेला बसून
सुश्रुतला नको नको ते बोलले होते.
ते मात्र झटकून पडलं नाही.

शाल्मली वर आली, पण पाठ करून झोपली,
कपाळाच्या दिव्यात अपूर्णांक सोडवत.
तिला शाळा हवी आहे. बाक हवा आहे.
रोज तीच मैत्रीण, त्याच जागी.
हे ती आठ महिने बोलली नव्हती.

टेकडीवरून मोर ओरडला. मग जिन्यात चपला.
मग टॉर्च.

टॉर्च आला की काय करायचं
हे आमच्याकडे ठरलेलं असतं:
चेन आधी आपण उघडायची, हात दिसू द्यायचे,
आणि बोलायचं लहानाने,
कारण लहानावर कुणी ओरडत नाही.

सेक्रेटरी आगटे. सदरा, लेंगा, हातात नियमावली.
त्यांनी तोंड उघडायच्या आत
झोपेतच असावा, असा निमिष बाहेर आला:
"नमस्ते अंकल. हम पुणे से आए हैं.
सिर्फ आज रात रुकेंगे. सुबह चले जाएँगे."

टॉर्च जागच्या जागी थांबला.
खाली डी. पी. रोडवर कुणाची तरी बुलेट दोनदा फुटफुटून गेली.
आगटेंनी नियमावली काखेत धरली
आणि विचारलं, "पुण्यात कुठे?"

निमिषने माझ्याकडे पाहिलं.
हा प्रश्न अख्ख्या देशात कुणी विचारला नव्हता.
मग त्याला जे नक्की येत होतं ते त्याने केलं:
ग्लुकोज बिस्किटांचा पुडा पुढे धरला.

आगटेंनी एकच घेतलं. टॉर्च बंद केला.
अंधारात चावण्याचा आवाज. आणि मग,
वाटेतल्या प्रत्येक गावातल्या
प्रत्येक म्हाताऱ्यासारखंच:
"सकाळी किती वाजता निघणार?"