पाणसळ

जानेवारीतले वीस दिवस गावाचे.
मजुरी नाही. पहार आपली, इंजेरा आपली,
दगड मात्र डोंगराचे, हवे तेवढे.

दहा मीटर दोरी, मधोमध पाणसळ,
दोन टोकांना दोन काठ्या.
एक लेतेब्रहानच्या हातात,
दुसरी म्हाताऱ्या वोल्दूच्या.
नऊ वर्षं अबोला दोघांत
नांगराच्या एका तासाएवढ्या जमिनीवरून.
मी मधे, बुडबुड्याला डोळा लावून.

"वोल्दू, तुम्ही हलू नका.
लेतेब्रहान, वर. अजून.
थोडं खाली."
उताराला कुणाची हद्द ठाऊक नसते.
बुडबुडा मधोमध आला
तेव्हा तिची काठी नेमकी भांडणात उभी होती.

कुणी हूं की चूं केलं नाही.
खालच्या घळीतून गेल्या साली तिचं सातू गेलं,
त्याआधी त्याचं अर्धं शेत, मातीसकट,
टेकेझे नदीत.
सुदानात कुणीतरी पिकवत असेल माझ्यावर ज्वारी,
म्हातारा सांगायचा, न हसता.

त्याने दगड उचलला,
तिच्या पायाशी आणून ठेवला.
"डुगडुगतोय," ती म्हणाली.

वोल्दू गुडघ्यावर बसला,
खाली एक कपची सारली,
हाताने हलवून पाहिलं,
मग दुसरी.

दिवेलागणीपर्यंत एकशे चाळीस पावलं झाली.
येताना ती पुढे होती, तो मागे,
नेहमीसारखेच.
दोरी गुंडाळली मी.

जूनमध्ये पाणी येईल वरून.
कुठे फुटतो ते तेव्हा बघू.