वहीतली नोंद

वहीत आधी गाव लिहिते, मग शाळा, मग रंग.
एका शाळेत सारखे दोन झगे मी विकत नाही.
मारितच्या वर्गात तर मुलीच तीन.

मोंटानाच्या पार त्या टोकाहून
दीडशे मैल आलेत बापलेक.
पिकअप बाहेर चालूच ठेवलीय त्यानं;
आत हीटरपाशी
पहाटे बर्फात सापडलेलं वासरू.

तो दारातच, टोपी हातात,
बूट पायपुसण्यावर तीनतीनदा घासत.
"हिची आई असती तर," एवढंच म्हणाला,
मग किमतीची चिठ्ठी वाचत राहिला, चष्म्याशिवाय.

हिरवा. नको.
गुलाबी. "केकसारखी दिसते मी."
जांभळा घालून बाहेर आली
आणि काही बोललीच नाही.

पाठीची चेन मध्येच अडली.
मी उठेपर्यंत तोच पुढे झाला.
रात्रभर गाईंच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला हात
शर्टाला पुसून,
श्वास धरून,
एकेक दात सोडवत चेन वर नेली.

बाहेर वासरू हंबरलं.
"भूक लागली त्याला," म्हणत
ती बाटली घेऊन पळाली, झग्यासकट.

मी लिहिलं: जांभळा. विकला.
काठाला दुधाचा डाग.
पैसे वासरं विकली की.