गाबोळी

बँक सुटली की मी बंदरावर जायची.
हर्णैचा लिलाव तोवर आटपत आलेला,
बैलगाड्या पाण्यातून शेवटची खेप ओढत,
आणि द्वारकी पावशे विळीवर पाय रोवून
दुसऱ्यांच्या सुरमया कापत बसलेली.

पुण्याची माणसं म्हणत, ते पोटातलं टाकून द्या.
ती हो म्हणायची,
आणि टाकायची स्वतःच्या डब्यात.
मला तिनं पहिल्याच महिन्यात विचारलं,
"तू खातेस काय गो, का तूबी टाकणारी?"

म्हणून मला येते गाबोळी.
लिहून देण्यासारखं त्यात फार नाही, तरी:

जोडीनं निघते, वर लाल शिरांचं जाळं.
पडदा फाटू द्यायचा नाही.
नळाखाली धरायची नाही,
वाडग्यात बुडवून काढायची नुसती,
झोपलेल्याला उचलतात तशी.
हळद, मीठ, आगळ. चिंच नको,
चिंचेनं ती रुसते, असं द्वारकीचं मत.
आधी वाफ. घट्ट झाली की जाड काप,
मग लसूण-मिरचीचं वाटण, तांदळाचं पीठ,
तवा मंद, आणि झाकण.

झाकण मी विसरले होते एकदा.
कच्चीच टाकलेली, मोठ्या आचेवर.
ठो ठो दाणे उडाले छताला,
घरमालकीण परकारबाई धावत आल्या,
"रमजानात फटाके लावलेस की काय?"
तव्यात उरली ती त्यांनीच खाल्ली, रोजा सोडताना,
बोटानं एकेक दाणा टिपत.

दाताखाली ती किरकिरली पाहिजे.
वाळूनं किरकिरली तर तुझी चूक.
सुरमईची गोडसर, घोळीची तेलकट,
शिंगाळ्याची बोराएवढी, ती रश्श्यात.
"शिंगाळ्याचा नर," द्वारकी सांगायची,
"अंडी तोंडात धरून हिंडतो.
पिल्लं सुटेस्तोवर अन्नाला शिवत नाय.
आमच्यातला दाखव एक तसा."

पोटावरून अंगठा फिरवला की तिला कळायचं,
मासा भरलेला की रिकामा. चुकली नाही कधी.

माघातला शनिवार होता.
तिनं सुरमई उघडली, केशरी जोडी बाहेर आली,
आणि माझी ओढणी नाकाला गेली.
विळी थांबली.
"किती दिस झाले?"
कसले, म्हणणार होते.
सहा वर्षं मोजून मोजून
मी मोजणंच सोडलेलं.

डबा तिनं तरीही भरला. "त्याला घाल," म्हणाली.
पैसे घेतले, पुरते.

सातच्या एसटीनं तो चिपळूणहून आला.
दार सताड उघडं ठेवून तळली मी,
श्वास धरून, मंद आचेवर, झाकण ठेवून.
सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडात घास होता.
चावला नाही, गिळला नाही.
गाल फुगवून तसाच बसून राहिला
बराच वेळ,
आणि तव्यावरची भाकरी
उलटायची राहून गेली.