भेग मोजणारी

नोव्हेंबरात, पाहुण्यांची गर्दी ओसरली की
मी होडीनं येते का' बेलांझिनच्या दारी.
का' म्हणजे नुसतं घर. व्हेनिसमध्ये
महालाला महाल म्हणणं उथळपणाचं मानत.
गल्लीकडे एक दार आहे, ते नोकरांचं;
घराचं तोंड कालव्याकडे.
उतरायला सात पायऱ्या होत्या, इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाच्या.
आज तीन मोजल्या.
चौथी पायाला लागते, डोळ्याला नाही.

बोर्तोलो कडी काढतो.
"आलीस फोस्का, भिंतीची नाडी बघायला?"
माझ्या पिशवीत भिंग, बॅटरी, चिकटवायचा लगदा
आणि बोटाएवढ्या काचेच्या पट्ट्या.
भेगेवर आडवी लावायची, तारीख घालायची.
काच तडकली तर भिंत चालली.
एवढंच माझं शास्त्र.

बेलांझिन मिठाचे व्यापारी.
चिओज्जाच्या आगरांतून आलेल्या नावा
या खालच्या अंधाऱ्या दालनात रित्या व्हायच्या,
आणि वर, दोन पुरुष उंचीच्या खिडक्यांवर
पाथरवट दगडाची जाळी उमलवत बसायचे.
पैसा पाण्यासारखा गेला. पाण्यातच गेला म्हणा:
अर्धा तर गाळात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर,
जे नंतर कुणीच पाहिले नाहीत,
आणि हवा लागली नाही म्हणून अजून शाबूत आहेत.
विटांचं तसं नाही.
त्या मीठ पितात. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत,
या वर्षी माझ्या खांद्याशी पांढरी रेघ आली आहे.
खाल्ल्या मिठाला इतकं जागणारं घर
मी दुसरं पाहिलं नाही.

मग तादेओ आणि झाकारिया, सख्खे भाऊ,
एकमेकांना पाण्यात पाहू लागले.
मधल्या दिवाणखान्यात फळ्यांची भिंत उभी राहिली.
छतावरच्या वायुदेवीचं धड एकाकडे, पावलं दुसऱ्याकडे.
खिडक्या सात. तीन तुझ्या, तीन माझ्या,
आणि मधली?
मधली विटांनी बुजवली.
फळ्या कधीच निघाल्या; नंतर इथं बायका मणी ओवायच्या,
फरशीच्या फटीत अजून निळा मणी सापडतो.
ती खिडकी मात्र तशीच.
माझी भेग तिथूनच निघते.

आज तिच्या कडेचा गिलावा हाताला लागताच गळून पडला.
आत एक काच.
जाड, हिरवट, बुडबुड्यांची, डांबरानं चिकटवलेली,
शेजारी खिळ्यानं कोरलेलं: झुआने, १७६३.
कुणी गवंडी असेल. माझ्याच धंद्यातला.
मी भिंगातून पाहिलं, मग भिंग काढून पाहिलं.
काचेला चरासुद्धा नाही.
अडीचशे वर्षांत भेग
तिला वळसा घालून गेली होती.

बराच वेळ मी शिडीवर बसून राहिले.
खालून एक माल वाहणारी होडी गेली,
तिच्या लाटेनं पाणदारात कुणीतरी टाळ्या वाजवल्यासारखं झालं.
मग मी माझी पट्टी लावली, त्याच्या हातभर खाली,
तारीख घातली,
आणि या वेळी, का कुणास ठाऊक, नावही.

"मालकांना काय कळवू?" बोर्तोलो विचारतो.
मालक म्हणजे मिलानची एक कंपनी,
तिला बत्तीस खोल्या हव्यात, न्हाणीघरासकट.
मी हात पुसते, होडीत पाय ठेवते.
"कळव," म्हणते,
"कुठंतरी पाणी मुरतंय."