चुन्याची रेघ

बुधवारी तहसिलीतून निरोप आला :
उद्या वरून फोटो निघणार, ज्याचं त्यानं आखून ठेवा.
मी कोतवाल. चुन्याची बादली माझ्या हाती,
आणि गाव म्हणजे सगळ्या मिळून एकशे बारा चुली,
नागपूरहून कुहीकडे येताना लागतं,
नकाशात त्याचं नाव नेमकं घडीवर आलेलं,
म्हणून अर्धं पुसलेलं.

धान कापून झालेलं. पुंजणे रचलेले.
बांधीतल्या ओलीवर लाखोळी उगवलेली,
तिच्यात बगळे चालत होते
या गटातून त्या गटात,
धुऱ्याला न विचारता.

पहिली रेघ डोमा चाचेऱ्याची.
तो माझ्या पुढे पुढे, हात लांब करून :
"इथून. नाही, अजून तिकडून.
माह्या बापाची न्हाणी होती इथवर."
मी म्हटलं, "बाप जाऊन बावीस वर्षं झाले जी."
"बाप गेला. न्हाणी कुठं गेली?"
न्हाणीच्या जागी कारल्याचा वेल होता.
वेलाला वळसा घालून रेघ नेली.

शेजारची अंजनाबाई दारातून पाहत होती.
दोन घरांच्या मधात वीतभर बोळ,
मांजर जाईल, माणूस नाही.
त्या बोळीपायी एकोणीस वर्षं बोलणं बंद.
लग्नाच्या पत्रिका पोरांच्या हातून गेल्या,
मयतीला मात्र दोघंही आले,
लांब लांब बसले.
ती म्हणाली, "टाक मधातून."
मधातून?
बोळ वीतभर, माझी रेघ चार बोटं.
रेघेची जागा कोणाच्या जागेत धरायची
हे परिपत्रकात नव्हतं.
मी बोळ तशीच कोरी सोडली.

दुपारी ऊन कलल्यावर
वासुदेव भोयराच्या सांदवाडीत गेलो.
त्याची बहीण गोपिका, नांदणं मोडून आलेली,
सहा वर्षांपासून टिनाच्या छपराखाली राहते.
एक खाट, एक चूल, रॉकेलच्या डब्यात लावलेला मोगरा.
वासुदेवाची रेघ झाली,
चारी बाजूंनी, तिला आत घेऊन.
मी बादली उचलली तशी ती म्हणाली,
"माह्या छपराले नाही ओढत का जी?"
वासुदेव गाईच्या अंगावरची गोचीड काढू लागला.
गाईच्या अंगावर गोचीड नव्हती.

मला सरकार महिन्याला मानधन देतं.
त्यात असा प्रश्न बसत नाही.
मी वाकलो, बादलीचा बूड खरवडला,
तांब्याभर पाणी टाकलं
आणि छपराभोवती ओढली एक रेघ,
ताकासारखी पातळ.
वरून दिसेल न दिसेल.

रात्री दव पडलं.
सकाळी बकऱ्या सुटल्या, पोरं शाळेत गेली,
बाया पाण्याला गेल्या, परत आल्या.
ड्रोन येईपर्यंत साडेअकरा झाले होते
आणि तोवर डोमाचा चुना अंजनाबाईच्या अंगणात,
अंजनाबाईचा मारुतीच्या पारावर,
पाटलाचा झिबल उईकेच्या दारात
पावलापावलानं पोचला होता.
यंत्र अकरा मिनिटं गुणगुणलं.
कुत्री भुंकली. मग शेतांवरून निघून गेलं.

आठ महिन्यांनी कार्डं आली, रंगीत.
त्या वीतभर बोळीवर लिहून आलं : सरकार.
डोमा कार्ड घेऊन भिंतीपाशी गेला,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पलीकडे हाक दिली,
"अवो, मंग आता सरकार झाडन का हे?"
पलीकडून हसू आलं की खोकला,
मला नक्की सांगता येत नाही.

गोपिकेच्या नावाचं कार्ड नव्हतं.
वासुदेवाच्या नकाशात, मागच्या अंगाला,
केसाएवढा एक चौकोन होता फक्त,
नंबर नाही, नाव नाही.
तलाठ्यानं विचारलं, "हे काय?"
"रेघ आहे, साहेब."
त्यानं भिंग ठेवून दिलं.

दर पोळ्याला ती माझ्याकडून चुना नेते,
ओंजळभर, पैसे देऊन,
आणि छपराभोवती पुन्हा ओढते.
आता जाड ओढते.
फोटो काढायला मात्र
अजून कोणी आलेलं नाही.