लाईट गेल्यावर

मरोळला वेल्डिंगच्या दुकानावरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
तासाला दीडशे, पंखा धरून.
पाऊण तास उरला होता आणि लाईट गेली.

गिटार मेली. माझा बेस म्हणजे
चार तारा बांधलेलं फळकूट.
पैसे मात्र चालूच. मालक जिन्यातून ओरडला,
वायरमन काय माझा जावई आहे?

मग नेहमीचंच निघालं.
सोहराब म्हणाला, बॉनहॅम. विषय संपला.
आमच्यात विषय संपला म्हटलं
की विषय सुरू होतो.
प्रद्युम्न उसळलाच. लोंबार्डो ऐक रे जरा,
दोन्ही पाय असे पळतात,
मागे कुत्री लागल्यासारखे.
सोहराब म्हणाला, पळायला काय, पोस्टमनही पळतो.
तुझा बॉनहॅम माझ्या आजोबांच्या काळातला.
आजोबा गेले म्हणून पाढे बदलले का?
मी मध्येच पिअर्टचं नाव टाकलं
तर दोघं एकदम माझ्यावर:
तो ड्रमर नाही, चार्टर्ड अकाउंटंट आहे!

ब्लेझ काहीच बोलला नाही.
ब्लेझ कुटिन्हो, गावठाणातला,
बापानं दुकानातल्या उरलेल्या सागवानाचं
करून दिलेल्या स्टुलावर बसलेला,
बनियनवर, काठ्या मांडीवर आडव्या.
फक्त डावा पाय हाय-हॅटवर.
चिक्.
चिक्.
डास मारत असावा असं वाटेल इतपत.

बेस वाजवणारीचं अर्धं आयुष्य
ड्रमरच्या पायाकडे बघण्यात जातं.
अंधारात पाय दिसेना,
पण सवय कुठे जाते?
म्हणून मलाच ऐकू आलं ते.
प्रद्युम्नची शिवी बरोबर समेवर पडली.
सोहराबचं उत्तर अर्ध्या मात्रेनं उशिरा,
तो गिटारवरही असाच मागे राहतो.
चिक्, चिक्. ब्लेझनं पाय किंचित पुढे नेला
आणि दोघांचे आवाज चढले.
आणखी थोडा पुढे,
आता ते एकमेकांच्या आयांपर्यंत पोचले,
मग त्या तीन हजारांपर्यंत,
जे प्रद्युम्ननं गणपतीत घेतले होते,
मग त्या मुलीपर्यंत,
जिचं नाव आम्ही कुणी दोन वर्षं घेतलं नव्हतं.
कुणीतरी उठलं. खुर्ची पडली.

आणि ब्लेझनं पाय उचलला.

बस. एवढंच.
दोघंही वाक्याच्या मधोमध उभे,
पुढचा शब्द तोंडात, पण त्याला टेकायला जागा नाही.
खालून जळक्या लोखंडाचा वास येत राहिला.
किती वेळ गेला माहीत नाही.
मोजायचं ज्याच्याकडे दिलं होतं
तो मोजतच नव्हता.

मग त्यानं पुन्हा सुरू केलं, पण संथ,
झोपलेल्या माणसाच्या उशाशी चालावं तसं.
सोहराब खोकला. प्रद्युम्ननं खुर्ची उचलली,
म्हणाला, मूनबद्दल मात्र आपलं एकमत आहे ना?
नव्हतं. कधीच नव्हतं.
पण दोघंही हो म्हणाले.

लाईट आली, अँप गुणगुणला.
ब्लेझनं विचारलं, किती मिनिटं उरली?
अकरा.
आम्ही एकच गाणं घेतलं. वाईट वाजवलं.
जिन्यात मी त्याला पकडलं,
मुद्दाम करत होतास ना?
तो म्हणाला, काय?
आणि खरंच त्याला माहीत नव्हतं,
का तो माझ्याशीही तेच करत होता,
हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आता तो बोटीवर वाजवतो, क्रूझवर,
म्हाताऱ्या जोडप्यांना जेवणानंतर नाचवतो.
सोहराब आणि प्रद्युम्न अजून भांडतात,
आता मुलांच्या शाळांवरून.
ऑफिसात कुणी पोरगा हेडफोन काढून विचारतो,
मॅडम, तुम्ही बँडमध्ये होता ना,
मग सांगा, सगळ्यात भारी ड्रमर कोण?

मी बॉनहॅम सांगते.
सोपं पडतं.