कोंडा

स्क्रीनवर आतडं उघडतं तेव्हा
मी आधी रंग बघते.
चांगलं आतडं धुतलेल्या शंखासारखं, आतून ओलं, फिकट गुलाबी,
वर शिरांची बारीक नक्षी.
यशोदीप गुट्टेच्या आत नक्षी नव्हती.
लाल. नुसतं लाल,
मधूनमधून पांढुरके व्रण,
नळीचं टोक टेकलं तरी रक्त.
वय एकोणीस. मुक्काम क्लासमागची हॉस्टेलची खोली,
जेवण वडापाव, बिस्किटं, रात्री दोनला मॅगी.

लातूर, बार्शी रोड, दुसरा मजला.
खाली रसवंतीचे घुंगरू वाजतात.
डॉक्टर नळी फिरवतात, मी चिमटा सरकवते,
तांदळाच्या कणीएवढा तुकडा
बाटलीत टाकते, वर नाव लिहिते.

रेणापूरला आमची गिरणी होती.
आई पट्टा चढवायची, पदर कमरेला खोचलेला,
भुवयांवर पीठ.
लोक ज्वारी आणायचे,
म्हणायचे, जरा भरडच ठेवा अनुसयाबाई.
मग गहू वाढला. मग चाळण बारीक झाली.
मग पोळी पांढरी होत नाही म्हणून भांडणं,
आईला दोनदा चाळावं लागायचं.
कोंडा कोपऱ्यातल्या पोत्यात.
शनिवारी मैनुद्दीनमामू सायकलवर पोतं लादून न्यायचा.
त्याच्या म्हशी उन्हात अशा चमकायच्या
की आई म्हणायची,
"गावाचं सत्त्व म्हशी खायलेत बग."
कोंड्याचा मांडा करून खावा, असं म्हणतात ना.
आम्ही मांडा ठेवून घेतला
आणि कोंडा सायकलवर घातला.

डॉक्टर सोनटक्के केसपेपरच्या मागं चित्र काढतात,
एक नळी, आत ठिपके ठिपके.
"हे जिवाणू. अब्जांनी आहेत. उपद्रवी नाहीत सगळे.
आपल्याला जे पचत नाही ते यांचं जेवण:
कोंडा, सालं, कांदा, लसूण,
रात्रीची भाकर सकाळी शिळी खाल्ली तर तीसुद्धा.
ते खाऊन हे एक आम्ल सोडतात,
आतड्याच्या पेशी त्यावर जगतात, दाह आवरतो.
आणि यांना उपाशी ठेवलं
की हे भिंतीचं अस्तर चाटायला लागतात."
मला आमच्या गिरणीतले उंदीर आठवले,
दाणे संपले की भिंतीची माती उकरणारे.

"म्हणजे मीच केलं का हे?"
यशोदीपचा आवाज टेबलाखालून आल्यासारखा.
डॉक्टरांनी पेन ठेवलं.
"वडापाव सगळं हॉस्टेल खातं.
सगळ्यांना नाही होत हे.
का होतं, ते पूर्ण कुणाला कळलेलं नाही."

तोवर त्याच्या आईनं गाठोडं सोडलं होतं.
गंगाखेडहून पहाटेची एसटी धरून आलेली.
ज्वारीच्या भाकरी, करडईची भाजी, जवसाची चटणी,
कागदात दोन कांदे.
सगळं बरोबर होतं. चित्रातलंच होतं.
"आत्ता नको," डॉक्टर म्हणाले,
"जखम ओली आहे. आत्ता औषध, मऊ भात.
हे नंतर. चमच्या-चमच्यानं."
तिनं भाकरी पुन्हा बांधल्या.
गाठ दोनदा मारली.
मग एक भाकर काढून मला दिली,
कुणीतरी खावी म्हणून.

सात महिन्यांनी तो परत आला,
दाढी थोडी फुटलेली, वजन पाच किलो जास्त.
स्क्रीनवर मी रंग बघितला.
एका वळणावर अजून लाली,
पण पुढं, आडव्या आतड्यात,
शीर. मग दुसरी शीर.
"गोळ्या लागू पडल्या," डॉक्टर म्हणाले.
त्याची आई बाहेर बाकावर सांगत होती,
"दिवाळीपासून भाकर सुरू केली, तवापासून."
दोघांत कोण खरं ते मला विचारू नका.
मी बाटलीवर नाव लिहिते.

संध्याकाळी आईचा फोन.
गिरणी विकून चार वर्षं झाली,
तरी ती मला पीठ कुठलं आणतेस विचारतेच.
मग म्हणाली, भंगारवाला दारात आलाय,
ती बारीक चाळण आहे अजून माळ्यावर, देऊ का?
मी म्हटलं, देऊन टाक.
"वीसच रुपये द्यायलाय गं."